सेंट्रिओल बघताय? आधी बफर कोमट करा

मायक्रोट्यूब्यूलचा, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनांच्या पोकळ तंतूंचा, फोटो बिघडला की पहिला आळ रंगवायच्या अँटिबॉडीवर येतो. माझा प्रश्न मात्र ठरलेला: कव्हरस्लिप (पेशी वाढवलेली पातळ काच) धुतली तो बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण, कुठून काढला होता?

हे शिकायला मला दोन महिने लागले. एका विद्यार्थ्याने एक जनुक बंद केलेल्या पेशी रंगवल्या, तर मायक्रोट्यूब्यूलचं जाळंच गायब. गॅमा-ट्यूब्युलिनचा, म्हणजे तंतू जिथून निघतात त्या सेंट्रोसोममधल्या प्रथिनाचा, ठिपका जागेवर, भोवती चार-दोन तोकडे तुकडे. 'सेंट्रोसोमची ताकद गेली,' असं म्हणून स्वारी मोकळी झाली, आणि मीही मान डोलावली. शेवटी एकदा त्याच्या शेजारी उभा राहिलो. ट्रे बर्फावर, बफर फ्रीजमधला, आणि फिक्सेटिव्ह (पेशी आहे तशी थिजवणारं द्रावण) अजून बनवायचंच! कव्हरस्लिपा दहा मिनिटं त्या गारठ्यात पडून. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, पेशी आदल्या आठवड्यात निवांतपणे फिक्स केलेल्या. थंडीत प्राणिपेशीतले बहुतेक मायक्रोट्यूब्यूल काही मिनिटांत सुटे होतात, टिकाऊ तेवढे उरतात. मग गारठवलेल्या पेशी ३७ अंशांच्या मीडियात (पोषक द्रावणात) ठेवून दर मिनिटाला एक कव्हरस्लिप फिक्स केली. प्रत्येक ठिपक्याभोवती तंतूंचा तारा फुलत गेला. सेंट्रोसोम ठणठणीत होता.

तेव्हापासून फिक्सेटिव्ह आधी तयार, बफर कोमट, कंट्रोल त्याच ट्रेत. सेंट्रोसोमसाठी मी उणे २० अंशांचं मेथेनॉल वापरतो, पण मीडियातून थेट त्यात, मध्ये धुणं नाही. 'तेही थंडच की!' म्हणणाऱ्यांसाठी: मेथेनॉल प्रथिनं जागच्या जागी थिजवतं, तंतूंना सुटायला वेळच मिळत नाही.

दुसरी चूक डोक्यातली. सेंट्रिओल म्हणजे सेंट्रोसोम नव्हे. सेंट्रिओल ही मायक्रोट्यूब्यूलच्या नऊ त्रिकांची नळी; ती स्वतःभोवती प्रथिनांचा गोळा जमवते, दोन्ही मिळून सेंट्रोसोम, आणि बहुतेक तंतू त्या गोळ्यातल्या गॅमा-ट्यूब्युलिनच्या कड्यांवरून निघतात: तंतूचं सुरुवातीचं, उणे टोक आत, वाढणारं अधिक टोक बाहेर. म्हणून गॅमा-ट्यूब्युलिनचे ठिपके मोजून सेंट्रिओलची संख्या लिहू नका. नळी जेमतेम पाव मायक्रॉन रुंद; साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकात सेंट्रिओलची जोडी एकच दिसू शकते. मोजायला सेंट्रिन हे सेंट्रिओलमधलं प्रथिन घ्या, आणि पेशी विभाजनाच्या चक्रात कुठे आहे तेही बघा. जी१ मध्ये (डीएनएची प्रत बनण्याआधी) दोन, एस टप्प्यात (प्रत बनताना) दुप्पट झाल्यावर चार. चार दिसले की लगेच 'बिघाड' लिहिणारे फार भेटतात.

पीसीएम१ या प्रथिनाचे सेंट्रोसोमभोवती विखुरलेले कण सेंट्रिओल नाहीत. एवढंच.

आणि 'सेंट्रिओल नाही तर विभाजन नाही' हे उत्तरपत्रिकेतलं वाक्य. फुलझाडांत सेंट्रिओल नसतातच. उंदराची अंडपेशीही त्यांच्याविना स्पिंडल (गुणसूत्रं वाटणारी तंतूंची रचना) बांधते. २००६ मध्ये तर सेंट्रिओल नसलेल्या फळमाश्या प्रौढ होईपर्यंत वाढलेल्या दिसल्या. पण सेंट्रिओल नाही म्हणून सिलिया (पेशीवरची केसासारखी टोकं) नाही, आणि सिलिया नाही म्हणून संवेदी चेतापेशी निकामी. कोशातून बाहेर आल्यावर त्या माश्या फार जगल्या नाहीत.