कार्बाईडचं भंगार: आधी निवडायला शिका

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत डिप्लोमा, आयटीआय करून भंगारातून धातू परत मिळवण्याच्या कामात शिरणाऱ्याला भट्टीची घाई असते. पण धातू हातचा जातो तो बहुतेकदा भट्टीआधीच, निवडणीच्या टेबलावर.

झिजलेला इन्सर्ट (लेथ-मिलिंगच्या हत्यारावर बसवायचा कापणारा तुकडा) म्हणजे टंगस्टन कार्बाईडचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट, साधारण 6 ते 12 टक्के. 100 किलो मालात 90 किलो कार्बाईड धरलं, तर टंगस्टन 84 किलोच्या आसपास. एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल मात्र मुळात पोलाद: त्याच्या एम2 प्रकारात टंगस्टन 6 टक्के आणि कोबाल्ट नाही, एम35मध्ये कोबाल्ट 5 टक्के, एम42मध्ये 8. हे एका पोत्यात मिसळलं की भाव हलक्या मालाचाच मिळतो.

नुसत्या चुंबकावर भिस्त ठेवू नका. एचएसएस घट्ट चिकटतं, पण कार्बाईडही कोबाल्टमुळे थोडं ओढलं जातं. खात्री पाण्यानं करा. 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. कोरड्या वजनाला आलेल्या आकड्यानं भागा, ती तुकड्याची घनता. 14-15 आलं तर साधं कार्बाईड, 11-13 म्हणजे बहुधा टायटॅनियम-टँटलम मिसळलेलं (ढीग वेगळा), 8च्या आसपास एचएसएस, 6-7 सर्मेट (टायटॅनियमवर बेतलेला कठीण माल). सोनेरी मुलाम्याला भुलू नका, तो सगळ्यांवर सापडतो.

ब्रेझ केलेली (पितळ-चांदीच्या डागानं हत्याराला जोडलेली) कार्बाईडची टीप गॅसनं तापवून काढताना धूर ओढणारा हुड हवाच. चांदीच्या जुन्या ब्रेझिंगमध्ये कॅडमियम असू शकतं.

अख्खे इन्सर्ट आम्लात भिजवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कोबाल्ट वरवरचा विरघळतो, आत कार्बाईडचा सांगाडा आम्लाला वाट देत नाही. जस्ताच्या पद्धतीत निष्क्रिय वायूत 900-950 अंशांवर जस्त कोबाल्टमध्ये शिरतं, तुकडा फुगतो. मग निर्वातात जस्त उडवलं की ठिसूळ, सहज दळता येणारा माल उरतो. यात रासायनिक शुद्धीकरण नसतं, म्हणून चुकून आलेलं पोलाद लोखंड होऊन भुकटीतच राहतं. मिसळीचा माल आणि ग्राइंडिंगचा गाळ रासायनिक मार्गानंच न्यावा, आणि त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

कोबाल्टमिश्रित कार्बाईडची धूळ फुप्फुसं कायमची खराब करते. एप्रिल-मेच्या उन्हात शेडमध्ये पंखा लावतातच. तो निवडणीच्या टेबलाकडे वळवू नका. झाडू किंवा हवेचा पाइप मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.