घरगुती पाणबुडी बांधताना या चुका टाळा

पाणबुडी बांधायला घेतलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती खोल जाईल? मग सगळं लक्ष पत्र्याच्या जाडीवर. मी अडचणीत आलेल्या ज्या बोटी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक पृष्ठभागावर किंवा पुरुषभर पाण्यातच अडकल्या होत्या. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदरात ‘हनली’ पाणबुडी झाकणं उघडी असतानाच पाण्याखाली गेली आणि पाच जण दगावले. खोलीचा तिथे काही संबंध नव्हता.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे वजनाची वही न ठेवणं. दोन घनमीटर पाणी बाजूला सारणारी बोट बुडायला तिचं वजन गोड्या पाण्यात दोन हजार किलो भरावं लागतं, समुद्रात आणखी साधारण पन्नास किलो. नवख्यांना हे पटत नाही. कवच तयार होतं, बोट पाण्यात उतरते आणि खाली जायचं नावच घेत नाही. इथून पुढे घाई सुरू होते.

ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा वेळी शिशाच्या विटा आणून आसनाखाली रचल्या. बांधल्या नाहीत; ‘आज फक्त बघायचंय’ म्हणाले. तळ्यात बोटीचं नाक जरा खाली गेलं, पुढच्या विटा घसरल्या. नाक आणखी झुकलं, मागच्या विटाही निघाल्या. त्यात एक बॅटरी आडवी होऊन आम्ल सांडलं. बोटीला दोर बांधावा म्हणून मी सकाळपासून हट्ट धरला होता, त्या दोरानेच आम्ही तिला काठाशी ओढलं. तळं गोड्या पाण्याचं होतं हे नशीब. खारं पाणी त्या आम्लात मिसळलं असतं तर बंद केबिनमध्ये क्लोरीन वायू झाला असता.

म्हणून माझ्याकडे कोणतीही वस्तू काट्यावर चढल्याशिवाय बोटीत जात नाही. वहीत तिचं वजन, नाकापासूनचं अंतर आणि तळापासूनची उंची लिहायची. वायरी, रंग, उशी, चालकाचे बूटसुद्धा. एकूण वजनाचा मध्य हा बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्याच्या खाली यायलाच हवा, नाहीतर पाण्याखाली बोट उलटते. शिसं बाहेरून, तळाला, बोल्टने आवळून. त्यातला एक तुकडा आतून सोडता येईल असा ठेवा आणि बोट तिरकी करूनही तो सुटतो का ते पाहा. सरळ उभ्या बोटीत सगळंच सुटतं.

दुसरी चूक श्वासाची. ‘पंखा आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, मग काळजी कसली?’ हे वाक्य ऐकलं की मी त्या बोटीत बसत नाही. शांत बसलेला माणूस तासाला साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. केबिनमध्ये घनमीटरभर हवा असेल तर तासाभरात त्याचं प्रमाण दोन टक्क्यांवर जातं, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ पन्नास पट. तीन टक्क्यांच्या आसपास डोकं दुखतं, धाप लागते. पुढे विचारच गढुळतो आणि कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा ते सुचत नाही. ऑक्सिजन वाढवून हे टळत नाही. सोडा लाइमच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुनामिश्रित दाण्यांच्या, डब्यातून पंख्याने हवा खेचावी लागते. दाणे ठासून भरा, सैल राहिले तर हवा कडेकडेने निसटते. दाणे वापरून संपले की त्यांचा रंग बदलतो, पण ठेवून दिल्यावर तो परत मूळचा होऊ शकतो, त्यामुळे रंगावर भरवसा नको. मी डब्यावर वापराचे तास लिहितो आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आत ठेवतो.

झाकणाचं गणितही कुणी करत नाही. ६० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर एक मीटर खोलीलाच सुमारे २८० किलोचा भार असतो. खांद्याने ढकलून ते उघडणार नाही; आधी आत पाणी घेऊन दाब सारखा करावा लागतो. त्याचा व्हॉल्व्ह बसल्या जागी हाताला लागला पाहिजे.

कवचाचा गोल अंदाजाने धरू नका. बाहेरून दाबलेलं नळकांडं किंचित लंबगोल असलं तरी त्याची ताकद झपाट्याने घटते.

ॲक्रिलिकची खिडकी स्पिरिटने किंवा अमोनियाच्या द्रवाने पुसू नका, बारीक तडे जातात.

बुडी मारायला टाकीत घेतलेलं पाणी वर येताना तीस मीटरवर बाहेर ढकलायला पृष्ठभागाच्या चौपट हवा लागते. सिलिंडर त्या हिशोबाने घ्या.

शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना झाकण उघडं आणि हवा खेळती हवी. हायड्रोजन चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

आणि गळतीची तपासणी होईपर्यंत रंगाचा डबा उघडू नका. फोटोसाठी आधी रंगवतात, मग वेल्डिंगमधली छिद्रं रंगाखाली लपतात. मी बोट जमिनीवरच बंद करतो, आतली थोडी हवा ओढून घेतो आणि आत ठेवलेला दाबमापक खिडकीतून पाहत राहतो. शेजारी तापमापकही हवा, कारण तापमान एका अंशाने वाढलं तरी दाब साधारण साडेतीन हेक्टोपास्कलने चढतो आणि नसलेली गळती दिसते. आकडा रात्रभर टिकला की पुढची बुडी रिकाम्या बोटीची, दोराला बांधून, ठरलेल्या खोलीच्या सव्वापट.