गणपतीला गावी जाताय? बदलापूरचं घर बंद करायच्या आधी एवढं उरका

गणपतीत आपलं बदलापूर बऱ्यापैकी रिकामं होतं, निम्मी बिल्डिंग कोकणात, आणि हे कॅलेंडर चोरांनाही पाठ असतं. त्यामुळे तिकीट कन्फर्म झालं की घराच्या तयारीलाही लागायचं, आदल्या रात्री बॅगा भरताना काही सुचत नाही.

एक गोष्ट डोक्यात ठेवा, घरफोडी करणारा श्रीमंत घर शोधत नाही, बंद घर शोधतो. भर दुपारी दोघं चांगल्या कपड्यात जिना चढतात, बेल मारतात, कुणी उघडलंच तर "पाटील इथेच राहतात ना" विचारून खाली, नाही उघडलं आणि बाहेर लोंबतं कुलूप दिसलं की काम सुरू. आणि कुलूप कोण फोडत बसतंय, महागातलं कुलूप जसंच्या तसं राहतं आणि कटावणी घालून अख्खा कोयंडा उपटला जातो, कारण तो चार बारक्या स्क्रूवर बसवलेला असतो. म्हणून पहिलं काम, सुतार बोलवून कोयंडा आरपार नटबोल्टने बसवून घ्या, नट आतल्या बाजूला. त्याहून बरं म्हणजे दाराच्या आत बसणारं लॉक लावा आणि बाहेर कुलूप लोंबकळू देऊच नका, जिन्यातून बघणाऱ्याला घरात माणूस आहे की नाही कळताच कामा नये. तळमजला किंवा पहिला मजला असेल तर बाथरूमची खिडकी, पाइपच्या बाजूचं ग्रिल हलवून बघा, गंजलेलं असतं बऱ्याचदा.

मग शेजारी. माझं स्पष्ट मत आहे की समोरच्या काकू चार कॅमेऱ्यांना भारी आहेत. त्यांना जायची-यायची तारीख सांगा, दूध आणि पेपर बंद करा, दाराबाहेरच्या चपला सगळ्या उचलू नका, दोन जोड राहू देत, आणि रोज संध्याकाळी गॅलरीचा दिवा लावून रात्री बंद करायला कुणाला तरी सांगा, चोवीस तास जळणारा दिवा उलट चुगली करतो. शेजाऱ्यांच्या दाराला बाहेरून कडी असेल तर ती काढून टाका म्हणावं, चोर आधी आजूबाजूच्या कड्या बाहेरून लावतात मग आवाज झाला तरी कुणाला बाहेर येता येत नाही.

कॅमेरा नको असं नाही, पण बहुतेक सोसायट्यांचे कॅमेरे इतके वर लावलेत की फक्त टोप्या दिसतात. एक तरी कॅमेरा गेटपाशी चेहऱ्याच्या उंचीला हवा, डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ बरोबर हवं, तो डबा कुलुपात हवा नाहीतर जाताना तोच उचलून नेतात, आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते सेक्रेटरीला विचारून घ्या, जुनं आपोआप पुसलं जातं.

सोनं कपाटात साड्यांखाली, तांदळाच्या डब्यात वगैरे ठेवू नका, पहिलं तिथेच बघतात. लॉकरमध्ये टाका, पण तिथेही एक लक्षात घ्या, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच, म्हणजे भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. म्हणून प्रत्येक दागिन्याचा बिलासोबत फोटो काढून ठेवा, वजन दिसेल असा. पुढेमागे माल सापडला तर तो कोर्टातून सोडवून घ्यावा लागतो, तेव्हा हा आपलाच हार हे दाखवायला हेच कामाला येतं.

बाइक स्टेशनबाहेर रस्त्यावर सोडून आठ दिवस जाऊ नका, बिल्डिंगमध्ये आणा, हँडल लॉक आणि वर चाकाला साखळी. दोन्ही ओरिजिनल चाव्या कुठे आहेत ते बघा कारण चोरी झाली की इन्शुरन्सवाले दोन्ही मागतात, शिवाय पोलिसांचा तपास लागला नाही तर क्लेमसाठी कोर्टाची 'अ' समरी, म्हणजे चोरी खरी पण चोर सापडला नाही असा शेरा, लागते, त्याला वेळ जातो.

आजी-आजोबा मागे राहणार असतील तर त्यांना बसवून सांगा, रस्त्यात कुणी "आम्ही पोलीस, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणालं तर अजिबात काढायचे नाहीत, खरे पोलीस असं कधी सांगत नाहीत. भांडी-दागिने पॉलिशवाल्यालाही दारातूनच कटवायचं. पोलिसांना बोलवायचा ११२ नंबर त्यांच्या फोनमध्ये स्पीड डायलला टाका.

कशेडी बोगद्यातला सेल्फी स्टेटसला टाकायची घाई नको, परत आल्यावर टाका की सगळे एकदम.

आणि एवढं करूनही फोन आलाच की दार उघडं दिसतंय, तर शेजाऱ्यांना आत जाऊ देऊ नका, कशाला हात नको, ठसे जातात, आधी ११२. नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) तक्रार ऑनलाइन पाठवता येते पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, म्हणजे विसर्जन होईपर्यंत थांबू असं चालत नाही, घरातल्या एकाला तरी निघावंच लागेल. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय पोलीस स्टेशनमधून उठू नका. आणि चोरीला गेलेल्या मालाच्या यादीत राहिलेली वस्तू नंतर आठवली तर पुरवणी जबाब देता येतो, तोही लेखीच द्या.