इंजिनातून तेल गळतंय? पॅकिंग बदलण्याआधी या चुका टाळा

ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाट चढून झाला की सिमरोलला चहा, हा आमच्या घरचा नेम. गेल्या उन्हाळ्यात तिथे गाडी उभी केली आणि जळक्या तेलाचा वास आला. मागे बसलेल्या मावशींना वाटलं, शेजारच्या टपरीवर कचोऱ्या तळतायत. बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवरून, धुराची बारीक रेघ वर चढत होती.

त्याआधीच्या चार महिन्यांत मी दोनदा चेंबरचं पॅकिंग बदलून घेतलं होतं. पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या जोडात तेल अडवायला बसवलेली पट्टी, गॅस्केट. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची टाकी. थेंब चेंबरच्या कडेला लोंबताना दिसायचा, म्हणून चेंबर. यात मिस्त्रीपेक्षा दोष माझा जास्त, कारण गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या ‘चेंबर गळतंय’ असं निदान मीच ठोकून दिलं होतं. गळत होतं वरून, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून. ते तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत खाली यायचं, चेंबरच्या कडेशी थबकायचं आणि मग फरशीवर पडायचं. घाट चढताना गाडीचं नाक वर होतं, कव्हरमधलं तेल मागच्या कडेला साचतं, आणि माझ्या गाडीत तापलेला मॅनिफोल्ड नेमका त्याच बाजूला आहे. म्हणून वास यायचा तो चढावरच.

थेंब दिसतो तिथे गळती असतेच असं नाही

तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून डाग दिसला की त्याच्या वर आणि पुढे बघायचं. पण वर्षभराची धूळ आणि तेल मिळून इंजिनावर जो काळा लेप बसलेला असतो, त्यात काहीच कळत नाही. आधी इंजिन धुवा. नवीन पॅकिंग विकत घ्यायच्या आधी. हे एवढं केलं असतं तर माझे दोन चेंबर पॅकिंगचे पैसे वाचले असते.

धुताना इंजिन थंड हवं. गरम इंजिनावर पेट्रोलचा ब्रश फिरवणारे मी पाहिले आहेत; तसं करू नका, भडका उडायला एक ठिणगी पुरते. डिग्रीझर किंवा थोडं डिझेल आणि जुना ब्रश घ्या. अल्टरनेटर, कॉइल आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकच्या पिशवीने झाका. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली इंजिन धरू नका, नाहीतर गळती सापडण्याआधी गाडी स्टार्ट होणं बंद होईल. इंजिन कोरडं झालं की संशय असलेल्या जोडांवर घरातली टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा खरी. सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा, सगळ्यात मोठा नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि चाकांच्या जागा खडूने आखा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुठ्ठा तिथेच जुळवता येतो. 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात सोसायटीच्या फरशीवर तेलाचा डाग म्हणजे काय, हे इंदूरकरांना सांगायला नको. पुठ्ठ्याने ती कटकटही मिटते. आणि रंग नीट बघा. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, हिरवं किंवा गुलाबी पाणचट असेल तर कूलंट. मे महिन्यात एसीचं पाणी बघूनही लोक गॅरेजला धावतात.

या घोटाळ्याचं सगळ्यात महाग रूप वेगळंच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडातून तेल टपकताना दिसलं की ‘क्रँकचं मागचं सील गेलं’ असा निकाल लागतो. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आणि तो बाहेर येतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे सील. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त, मजुरी भरमसाट. कित्येकदा ते तेल टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवरून येऊन तिथे जमलेलं असतं. गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी वरचा भाग धुवून पाहिला का, एवढं विचारा.

आवळून गळती थांबत नाही

“भिया, टाइट कर दिया, अब नी टपकेगा.” हे वाक्य ऐकलं की समजावं, महिन्याभरात परत यायचं आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग रबराचं असतं. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन ते कडक होतं, काढताना बांगडीसारखं कडकन मोडतं. कडक झालेल्या रबराला आवळून लवचीकपणा परत येत नाही. कव्हर मात्र वाकतं, प्लास्टिकचं असेल तर तडकतं, आणि कव्हर ज्यावर बसतं त्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. मग आट्यांचं काम वेगळं.

हे बोल्ट बहुधा 6 मिलिमीटरचे, 10 नंबरच्या पान्याचे असतात, आणि त्यांना साधारण 8 ते 11 न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. म्हणजे वीतभर लांब पान्याच्या टोकाला 5 किलो कणकेची पिशवी टांगावी, तेवढा. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पाना भाड्याने किंवा ओळखीत मिळतो. बोल्ट मधून बाहेर, आडवे-तिरके, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. एका टोकाने सुरू करून रांगेने गेलात तर दुसरं टोक उचललं जातं. बोल्टखाली रबरी वॉशर असतील तर तेही नवे घ्या, कारण जुने दबलेले वॉशर बोल्टचा जोर कव्हरपर्यंत पोचू देत नाहीत.

पॅकिंग घेताना स्पार्क प्लगच्या विहिरींची गोल सीलं त्यात आहेत का ते बघा. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतल्या पार्ट्सच्या दुकानात मी नुसतं पॅकिंग मागितलं तर नुसतं पॅकिंग मिळालं, आणि त्यासाठी दुसरी फेरी पडली. प्लगच्या विहिरीत तेल साचलं की कॉइलचं रबर फुगतं आणि इंजिन मिसिंग करू लागतं, म्हणजे अडखळत चालतं. मग लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात, आणि तेल आहे तिथेच राहतं.

सिलिकॉन म्हणजे लोणी नव्हे

जाड थर दिला म्हणजे जास्त खात्री, असं वाटतं. प्रत्यक्षात जोड दाबला गेला की सिलिकॉन जितकं बाहेर येतं तितकंच आतही येतं. बाहेरचं आपल्याला दिसतं. आतलं तुटून चेंबरमध्ये पडतं आणि तेल खेचणाऱ्या जाळीवर बसतं. जाळी अडली की तेलाचं प्रेशर पडतं. गळतीने जे इंजिन मरायला वर्षं लागली असती, ते अशाने एका दुपारी मरू शकतं.

रबरी पॅकिंग सहसा कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉन लागतं ते कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा जोड येतो किंवा अर्धगोल वळण असतं, आणि तेही तुरीच्या दाण्याएवढं. कंपनीने पॅकिंगच न देता फक्त सिलिकॉनवर बसवलेले चेंबर असतात, तिथे गोष्ट वेगळी. तिथेही एकच बारीक अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. इंजिनासाठीचं, तेल सोसणारं आणि सेन्सरला निर्धोक असं लिहिलेलं सिलिकॉन घ्या. बाथरूमच्या ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येतो, ती इथे नको.

जुनं पॅकिंग खरवडायला स्टीलचं पातं किंवा ग्राइंडरची चकती वापरू नका. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा उठला की तेलाला वाट मिळाली, आणि चकतीची पूड बेअरिंगमध्ये जाते. प्लास्टिकची पट्टी आणि सबुरी, बस. उघड्या हेडवर फडकं ठेवा, पण किती फडकी ठेवली ते लक्षात ठेवा. शेवटी ब्रेक क्लीनरने दोन्ही पृष्ठभाग तेलकटपणा जाईपर्यंत पुसा. सिलिकॉन लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. बहुतेकांना पूर्ण सुकायला रात्र-दिवस लागतो, आणि ‘पंधरा मिनटात ले जाओ’ म्हणणारा तो वेळ आपल्या नशिबावर टाकत असतो.

नवं पॅकिंगही गळलं तर

ब्रीदर बघा. इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या कडेने थोडा वायू गळतच असतो, आणि तो बाहेर काढायला एक नळी आणि झडप असते, तोच ब्रीदर. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कच्च्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. आज टॅपेट कव्हर, उद्या क्रँकचं सील. माझ्या गाडीत तेच झालं होतं. ती नळी आत चिंचेच्या कोळासारखी भरली होती. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ पिशवी हलकेच धरा. हात पट्ट्यांपासून दूर ठेवा. पिशवी जोरात फुगली तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. रिंगा झिजल्या असतील तर पॅकिंगने काही होत नाही.

तेल जास्त भरलं असलं तरी असंच होतं. डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीच्या, वरच्या खुणेच्या पुढे तेल नको. क्रँक त्यात आपटतो, फेस होतो.

ताजी सर्व्हिस झाली आणि लगेच गळू लागलं तर ऑइल फिल्टर बघा. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहते आणि त्यावर नवी कडी चढते. दोन कड्या म्हणजे गळती नक्की. जुनं तेल काढायच्या ड्रेन बोल्टचं वॉशर दर वेळी नवं लागतं, ते दहा-वीस रुपयांसाठी वाचवू नये.

गळती थांबवायचं औषध तेलात ओततात, ते रबर फुगवतं आणि काही दिवस बरं वाटतं. तडकलेल्या पॅकिंगला ते काही करत नाही. पातळ तेल लागणाऱ्या इंजिनात जाड 20डब्ल्यू-50 घालणं त्याहून वाईट. थंड इंजिन सुरू करताना ते वरपर्यंत वेळेवर पोचत नाही.

घरी हात लावू नये अशी गोष्ट

तेल दुधाळ चहासारखं झालं, कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतोय, काटा तापाकडे चाललाय, तर ते टॅपेट कव्हर नव्हे, हेड गॅस्केट आहे, म्हणजे हेड आणि त्याखालचं इंजिन यांच्या मधलं पॅकिंग. गाडी टो करून न्या. तसंच तेलाच्या लाल किटलीचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा, ‘जवळच पंप आहे’ म्हणू नका. तो दिवा तेल कमी झाल्याचा नसतो, प्रेशर गेल्याचा असतो.

नुसतं घाम आल्यासारखं ओलसर असेल, थेंब पडत नसेल, डिपस्टिकवर महिनाभर खूण हलत नसेल, तर मी काहीच करत नाही.

ब्रीदर साफ करून टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, त्यानंतर 500 किलोमीटरवर पुन्हा टॉर्च घेऊन पाहिलं. बोल्टला हात लावला नाही, फक्त पाहिलं. कोरडं होतं. पुठ्ठ्यावर मात्र सकाळी एक गोल काळा डाग मिळाला, आणि तो खडूच्या रेषेच्या बाहेर, शेजारच्या काकांच्या गाडीच्या बाजूला होता.