टायमिंग बेल्ट बदलताय? मग वॉटर पंप पण लगेच बदलून टाका

अमेरिकेत जुना टोयोटा टॅकोमा पिकअप ३.४ व्ही६ (१९९५ ते २००४) वापरणाऱ्यांसाठी. याचा टायमिंग बेल्ट (पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व उघडणारे कॅम एका तालात फिरवणारा पट्टा) साधारण ९०,००० मैलांना बदलतात, पण नुसता बेल्ट बदलून पुढचं सगळं परत बंद करू नका, कारण वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा) याच बेल्टवर फिरतो आणि तो नंतर गळायला लागला की पुन्हा तीच सगळी उघडाउघडी, मजुरी डबल. पंपासोबत थर्मोस्टॅट, आयडलर पुली (बेल्टला वाट देणारी चाकी) आणि हायड्रॉलिक टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) पण बघा. टेन्शनरमधून तेल झिरपलेलं दिसलं तर विचार करू नका, नवाच टाका. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील तेव्हाच समोर उघडे असतात, ओलसर वाटले तर बदला, नाहीतर तेल नव्या बेल्टवर येऊन तो पण खराब होणार.

कूलंट काढायचंच आहे तर रेडिएटरचे होज दाबून बघा, कडक किंवा फुगलेले असतील तर गेले समजा. ऑल्टरनेटर, एसी, पॉवर स्टीअरिंगचे बेल्ट तसेही काढावे लागतात, तेही नवीन घाला, फार खर्च नाही.

आणि हो, कव्हर लावायच्या आधी क्रँक हाताने (स्टार्टरने नाही!) दोन पूर्ण फेरे फिरवून क्रँक आणि कॅमच्या टायमिंगच्या खुणा परत जुळवून बघा. हे इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व वाकत नाहीत, पण गाडी हायवेवर बंद पडायची ती पडतेच.