विशेष गरजा असलेल्या मुलांचा कामाचा अनुभव : या चुका टाळा

शाळेचं शेवटचं वर्ष लागलं की धावपळ सुरू होते. 'आता पुढे काय?' हा प्रश्न घरी आणि शाळेत एकदमच पडतो. कामाचा अनुभव मिळावा म्हणून ओळखीतल्या कुणाकडे तरी मुलाला दोन आठवडे पाठवलं जातं, तिथे काहीतरी बिनसतं आणि 'याला बाहेरचं काम झेपणार नाही' हा शेरा कायमचा चिकटतो. मी या मुलांसोबत काम करते. बहुतेक वेळा चूक आखणीत असते, शेरा मात्र मुलाच्या नावावर पडतो.

निदान पाहून काम ठरवणं

'स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे ना, मग कॉम्प्युटरवर बसवा.' 'डाउन सिंड्रोम असलेली मुलं हसतमुख असतात, लोकांत मिसळायचं काम द्या.' अशी वाक्यं चांगली शिकलेली माणसंही बोलतात. निदानावरून आवड कळत नाही. स्वमग्न मुलांपैकी एखाद्याला झाडांच्या कुंड्या हलवायला आवडतं, तर एखाद्याला मातीचा स्पर्शही सोसत नाही.

'तुला काय व्हायचंय?' असं नुसतं विचारूनही उपयोग होत नाही. जे काम कधी पाहिलेलंच नाही, त्याबद्दल मूल काय सांगणार? ते समोरच्याला आवडेल ते उत्तर देतं, किंवा शेवटचा ऐकलेला शब्द परत म्हणतं. त्यापेक्षा दोन अगदी वेगळ्या ठिकाणी अर्धा-अर्धा दिवस न्या, फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी फोटो समोर ठेवून विचारा. बोलता न येणारं मूलही फोटो उचलून सांगतं. न सांगता कुठल्या कामाला हात घातला, कुठे कान झाकले, कुठून निघायला तयार नव्हतं, हे लिहून ठेवा. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबत संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या कराराच्या २७व्या कलमात स्वतः निवडलेल्या किंवा स्वीकारलेल्या कामातून उपजीविका करण्याच्या संधीचा हक्क आहे. निवड करायची तर आधी पर्याय पाहायला मिळाले पाहिजेत, म्हणून ही सुरुवात तेरा-चौदाव्या वर्षीच व्हावी.

'आधी तयार होऊ दे, मग पाठवू'

ही चूक मायेपोटी होते आणि सगळ्यात महाग पडते. शाळेच्या वर्कशॉपमध्ये मूल वर्षानुवर्षं तयारीच करत राहतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं अवघड जातं. शाळेतल्या शांत खोलीत पाकिटं नीट भरणारी मुलगी खऱ्या गोदामात गोंधळते, कारण तिथला आवाज, उजेड, माणसं सगळंच नवीन असतं. म्हणून १९८०च्या दशकात अमेरिकेत क्रम उलटा करून पाहिला गेला: आधी खऱ्या कामावर नेमायचं आणि तिथेच शिकवायचं. १९९६ साली अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेला 'प्रोजेक्ट सर्च' हा उपक्रम याच विचारावर उभा आहे. त्यात शाळेचं शेवटचं वर्ष विद्यार्थी कामाच्या ठिकाणीच घालवतात आणि वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने काम करतात.

सोबतचा माणूसच काम करतो

मूल अडकलं की आपला हात आपोआप पुढे जातो. काम होतं, पण मूल शिकत नाही. 'कपाटात सामान भर' हे आपल्याला एक काम वाटतं. मुलासाठी त्यात खोका उघडणं, वस्तू ओळखणं, तारीख पाहणं, जुनी वस्तू पुढे ओढणं, नवी मागे ठेवणं, रिकामा खोका मोडणं अशा सहा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी कागदावर लिहा आणि कुठे थांबतो ते पाहा. नेहमी असं दिसतं की पाच पायऱ्या येतात आणि एकच अडते, बहुधा तारखेची. मग तेवढीच शिकवा, किंवा तिथे रंगाची पट्टी लावा. १९७०च्या दशकात विशेष शिक्षणातले अमेरिकन संशोधक मार्क गोल्ड यांनी याच पद्धतीने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं होतं.

मदतही मोजून कमी करत न्या. आधी हात धरून, मग खुणेने, मग चित्राने आणि शेवटी दोन पावलं मागे सरून. सतत तोंडी सूचना देऊ नका. तोंडी सूचनेची सवय लागली की सूचना थांबताच हातही थांबतात.

मधली सुट्टी विसरणं

मी पाहिलेल्या बिघडलेल्या अनुभवांपैकी निम्म्याहून जास्त कामात बिघडले नव्हते, मधल्या सुट्टीत बिघडले होते. कामाला क्रम असतो, सुट्टीला नसतो. कुठे बसायचं, कुणाशी काय बोलायचं, सुट्टी संपली हे कसं कळणार? टायमर द्या, जागा आधी दाखवा आणि तिथला एक सोबती ठरवून घ्या. जाण्या-येण्याचा रस्ता आणि स्वच्छतागृह यांचाही सराव आधीच करा. फिट येत असतील, तर उंचावरचं काम आणि यंत्रं यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

तिसऱ्या दिवशी 'मी जाणार नाही' म्हणालं तर?

लगेच थांबवू नका आणि ओढूनही नेऊ नका. झोप, औषधाची वेळ, प्रवास, एखादा मोठा आवाज, कुणाचं बोलणं, हातातलं काम संपून रिकामं बसावं लागणं, या क्रमाने तपासा. शेवटचं कारण फार आढळतं. दयेपोटी तेच ते कागद पुन्हा पुन्हा लावायला दिले, तर मुलांना ते कळतं. तासभर का होईना, पण खरं काम मागा.

मालकाला नुसतं निदान सांगणं

निदानाचं नाव ऐकून सुपरवायझर फक्त घाबरतो. त्याऐवजी मुलासोबत बसून एक पानभर लिहा: मला कसं सांगितलं की समजतं, कशाने त्रास होतो, तेव्हा काय करायचं, फोन कुणाला करायचा. काय सांगायचं आणि काय नाही, हे मुलाने ठरवावं.

शेवटच्या दिवशी 'छान काम केलं' असा अभिप्राय आला, तर तो परत पाठवा. किती वेळ सांगावं न लागता काम केलं, कोणत्या पायरीला मदत लागली, काय मनापासून केलं, हे लिहून मागा आणि त्यावरून ते पान सुधारा. पुढच्या ठिकाणी पहिल्या सकाळी ते पान मुलानेच सुपरवायझरच्या हातात द्यावं.