लोकसभेत प्रश्न लावायचा, तर आधी मसुदा नीट करा

खासदारांचे बरेच प्रश्न सभागृहापर्यंत पोचतच नाहीत, मसुद्यातच अडकतात. म्हणून खासदाराच्या कार्यालयात प्रश्न लिहिणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात : खाते कोणते आणि तारीख कोणती.

मंत्रालयांचे पाच गट असतात आणि सोमवार ते शुक्रवार एकेक गट उत्तरे देतो. अधिवेशनाचा तक्ता लोकसभा सचिवालय देते, तो समोर ठेवूनच तारीख धरा. प्रश्नाची सूचना (नोटीस) किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. त्यात सूचनेचा आणि उत्तराचा दिवस धरत नाहीत. उत्तर २० तारखेला हवे असेल, तर सूचना ४ तारखेपर्यंत गेली पाहिजे. शेवटच्या दिवसावर टाकू नका.

खाते ओळखण्यात अनुभवी माणसेही चुकतात. कांद्याचेच घ्या. निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाकडे, बफर साठ्याची (भाव आवरायला सरकार ठेवते त्या साठ्याची) खरेदी ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे आणि लागवड कृषी मंत्रालयाकडे. तिन्ही एका प्रश्नात कोंबले, तर प्रश्न इकडून तिकडे वर्ग होतो आणि उत्तराचा दिवसही बदलू शकतो. बाजार समितीचा कारभार तर राज्याचा विषय, तिथे केंद्राला विचारून उपयोग नाही.

आता मसुदा. ‘शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणाऱ्या सरकारला जाग केव्हा येणार?’ हा प्रश्न नामंजूर होणार, कारण त्यात टोमणा आहे, आरोप आहे आणि माहिती मागितलेलीच नाही. तोच मुद्दा असा मांडा :

(अ) गेल्या तीन वर्षांत बफर साठ्यासाठी नाशिक जिल्ह्यातून किती टन कांदा, कोणत्या दराने खरेदी झाला, वर्षनिहाय तपशील;
(आ) त्यापैकी साठवणुकीत किती खराब झाला;
(इ) खराब होण्याची कारणे काय आणि त्यावर कोणते उपाय केले?

एकूण मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत बसवा. न्यायप्रविष्ट बाब, मत किंवा काल्पनिक परिस्थिती विचारणे, सहज मिळणाऱ्या दस्तऐवजातली माहिती, आधीच उत्तर मिळालेला प्रश्न, हे सगळे नियमांत बसत नाही. आधीची उत्तरे शोधून पाहायला दहा मिनिटे लागतात, पण तीच कुणी काढत नाही.

तारांकित (तोंडी उत्तराचा) की अतारांकित (लेखी उत्तराचा)? एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. एका सदस्याचे त्यात दोन्ही मिळून पाचच, आणि तारांकित एकच. क्रम लॉटरीने ठरतो. प्रश्नोत्तराच्या तासाभरात वरचे काहीच प्रश्न तोंडी होतात. उरलेल्या तारांकितांची उत्तरे अतारांकितांसारखी लेखीच पटलावर येतात. निव्वळ आकडे हवे असतील, तर अतारांकित विचारा. मंत्र्याला उभे करून उलट विचारायचे असेल, तर तारांकित. त्यासाठी दोन पुरवणी प्रश्न आधीच तयार ठेवा, पण ते मूळ विषयातूनच निघायला हवेत. मूळ प्रश्न फार अरुंद ठेवला, की पुरवणीला जागा उरत नाही.

सूचना ऑनलाइन जाते, आणि लॉगिन खासदाराचे असते. ते बाहेरच्या कुणाच्या हाती देऊ नका. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात लोकसभेने १० सदस्यांची हकालपट्टी केली होती. इथे नाव खासदाराचे लागते आणि जबाबदारीही त्याचीच.

‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आले, तर फाइल बंद करू नका. ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करायचे असते. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. उत्तर आले पण अपुरे वाटले, तर अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना द्या : तीन दिवस आधी, कारणांच्या टिपणासह आणि आणखी दोन सदस्यांच्या सह्या घेऊन.